डाव्या काचेतून आलेला देव

मल्हाररावांची संभाजीनगरच्या हर्सूलमध्ये ख्याती दोन गोष्टींसाठी होती: शेळीचं दूध आणि तिरकं बोलणं. त्यांच्या दुधात पाणी कधी सापडलं नाही आणि बोलण्यात सरळ वाक्य कधी सापडलं नाही. रस्त्यात कुणी सहज विचारलं, "काय मल्हारराव, दूध घालायला निघालात का?" तर ते म्हणायचे, "नाय, सायकलला हवा खायला नेतोय." विचारणारा ओशाळायचा आणि मल्हाररावांचा दिवस चांगला जायचा.

त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. धनगराचं घर, पाऊस सरला की कळप घेऊन निघायचं आणि गावोगावच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत फिरायचं. पुढं तळ्याकडच्या माळावर प्लॉट पडले, चराई गेली, मेंढरं विकली आणि दावणीला शेळ्या आल्या. पण फिरायची खोड काही गेली नाही, ती मल्हाररावांनी सायकलवर भागवली. पहाटे धार काढायची, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे आणि दिल्ली दरवाजावरून छावणी गाठायची. छावणीत त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली होती, पोटानं नाजूक झालेले म्हातारे आणि दात येणारी लेकरं. डेंगीच्या दिवसांत मात्र अख्खी आळी दारात उभी राहायची. तेव्हा मल्हारराव अशा रुबाबात यायचे, की साऱ्या शहराच्या रक्तातल्या पेशी ह्यांच्याच कॅनमध्ये वाढतात असं वाटावं.

हँडलला उजव्या बाजूला एक छोटी पिशवी बांधलेली असायची. राजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेऊन, त्याला लाल काठ लावून ती शिवली होती. तिच्यात खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद. दूध मापून झालं की गिऱ्हाइकाच्या लेकराच्या कपाळाला त्यातली चिमूट लागायची. दूध आणि देव एकाच फेरीत मिळत असल्यामुळं छावणीतल्या बायका मल्हाररावांचं तिरकं बोलणंही चालवून घ्यायच्या.

ही पिशवी गळ्यापर्यंत भरलेली असायचा वर्षातला एकच दिवस, चंपाषष्ठीच्या नंतरचा. आदल्या दिवशी साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन मल्हारराव ती भरून आणायचे. सातारा म्हणजे शहराच्या कडेचा आपला सातारा, तो लांबचा जिल्हा नव्हे. आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांना मोटारीनं उडवलं.

दिल्ली दरवाजाच्या पुढं ते रस्त्याच्या डाव्या कडेनं आपल्या नादात चालले होते. मागून एक पांढरी मोटार आली. तिचा डावा आरसा त्यांच्या हँडलला लागला, हँडल गर्रकन फिरलं, मागचं चाक मोटारीच्या अंगाला घासून वाकलं आणि मल्हारराव डाव्या खांद्यावर आपटले. डोळ्यांपुढं सगळं पिवळंधमक झालं. त्यांना वाटलं, आपण गेलो आणि थेट देवाच्या दारात आलो. मग दूध वाहून चाललेलं दिसलं, शेजारी कुणीतरी कुणाच्या तरी नावानं शिव्या देत होतं, तेव्हा कळलं की अजून संभाजीनगरातच आहोत.

आपल्या शहरातली माणसं अशा वेळी मागं राहत नाहीत. "चाचा, हिलो मत, हिलो मत," असं म्हणत दोघांनी त्यांना उचललंच. डावीकडं पाइपलाइनसाठी खणून ठेवलेलं, नुसता चिखल. म्हणून त्यांना उजवीकडं नेऊन दुभाजकाच्या कट्ट्यावर बसवलं. रस्ता मोकळा व्हावा म्हणून सायकलही उचलून तिथंच टेकवली. सगळं भल्या मनानं झालं, आणि ह्या भलेपणानं पुढं मल्हाररावांच्या नाकी नऊ आणले.

मोटार चालवणारा अतुल नावाचा तरुण होता. तो धावत आला आणि हात जोडून समोर उभा राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मल्हाररावांचं हाड मोडलेलं होतं, पण दया येण्याचं यंत्र शाबूत होतं. त्यांनी सदऱ्यावर सांडलेला भंडारा उजव्या हाताच्या बोटावर घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. "जा लेकरा, घाबरू नको. माझी काय तक्रार नाय," असं ते म्हणाले. पुढं उभ्या केलेल्या मोटारीत, डाव्या बाजूला, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसलेली त्यांना दिसली. ती काही खाली उतरली नाही.

हे सगळं कुणीतरी मोबाइलवर टिपलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात मल्हाररावांच्या खांद्याला पट्टा बांधून होईपर्यंत शहरभर झालं होतं: जखमी सायकलवाल्यानं चालकाला दिला आशीर्वाद. मागं बासरी लावलेली. हर्सूलमधली माणसं नमस्कार करायला यायला लागली. मल्हाररावांना नमस्कार आवडले, बासरी आवडली नाही. "माझा खांदा मोडला तवा बासरी नव्हती वाजत," असं ते प्रत्येकाला सांगत राहिले.

डाव्या खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जायचं नाव घेईना आणि मुठीत जोर येईना. एका हातानं धार काढायला बसले की शेळी मागं वळून बघायची आणि चार पावलं पुढं जाऊन उभी राहायची. धार राजाबाई काढू लागल्या. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून पडली होती, मागचं चाक तळलेल्या पापडासारखं.

थोरला मुलगा राम वाळूजच्या कंपनीत होता. बापावर त्याचा जीव होता, म्हणूनच तो बापाला धारेवर धरायचा. एका रविवारी तो म्हणाला, "आबा, आता बास झालं. ती सायकल भंगारात घालतो. तुमची चूक नसती तर तुम्ही तक्रार नाय असं म्हणाला असता का? सगळ्या गावानं ऐकलंय."

"चूक माझी नव्हती."

"मग कुणाची? तुमची नजर कमी झालीय, कान कमी झालेत. उद्या ट्रकखाली जाल."

खरं सांगायचं तर मल्हारराव घाबरले. ट्रकला नव्हे, सायकल जाण्याला. सायकल गेली की छावणी गेली. छावणी गेली की दिवसभर गोठ्यासमोर बाजेवर बसायचं, शेळ्यांकडं बघायचं आणि शेळ्यांनी आपल्याकडं बघायचं. फिरणाऱ्या घरातला माणूस. बसून राहणं म्हणजे त्यांना मरण वाटायचं. पण हे मुलाला कसं सांगणार? म्हणून त्यांनी आपल्या सवयीनं पैज लावली.

"चूक कुणाची ते कोर्टाला सांगू दे. माझी निघाली तर सायकल मीच भंगारवाल्याला देतो. नाय निघाली, तर मी जिता हाय तवर तिचं नाव कुणी काढायचं नाय."

"अन् नंतर?" राजाबाईंनी आतून विचारलं.

"नंतर माझ्यासंगं पाठव."

रामनं पैज मान्य केली. बाप कोर्टाची पायरी चढणारच नाही, अशी त्याची खात्री होती. पण तो सुकेशनीला विसरला.

सुकेशनी छावणीतल्या एका गिऱ्हाइकाची मुलगी. लहानपणी तिला दुसरं दूध पचत नसे, म्हणून मल्हाररावांच्या शेळीवर वाढली. आता काळा कोट घालून अदालत रोडला जायची. "माझ्या शेळीनं एक वकील काढलीय," असं मल्हारराव अभिमानानं सांगत. ती भेटायला आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मामा, अपघात दाव्यांच्या कोर्टात अर्ज टाकू. सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, वेळ आहे अजून."

इथं मल्हारराव अडले. "पोरी, त्या लेकराला मी भंडारा लावून माफ केलंय. आता त्याच्यावरच कसा दावा करू? देवाला काय तोंड दाखवू?"

"एक तर रस्त्यावर कण्हत असताना बोललेल्या एका वाक्यानं तुमचा हक्क जात नाही. आणि दुसरं, भरपाई तो देणार नाही. त्याच्या गाडीचा विमा आहे, दुसऱ्याला लागलं तर भरून द्यायचा. विमा कंपनी देईल."

मल्हाररावांचा चेहरा उजळला. "म्हंजे कंपनी देणार?"

"हो."

"मग कंपनीला मी कुठं माफ केलंय! टाक अर्ज."

असा दावा उभा राहिला. विमा कंपनीचे वकील उंचेपुरे, मृदू आवाजाचे, आणि चष्मा कायम कपाळावर ठेवणारे होते. त्यांनी उत्तर दाखल केलं, त्यात मल्हाररावांना आपला अपघात ओळखूच येईना. त्या उत्तरानुसार सायकलस्वार उजवीकडून, दुभाजकाच्या फटीतून, अचानक आडवा आला. चालकानं मोठ्या शर्थीनं गाडी वळवली, तरी म्हातारा आपल्या तोलानं पडला. अतुलनंही पोलिसांना तसाच जबाब दिला होता. पंचनामा दुपारी झाला, तेव्हा सायकल दुभाजकाला टेकलेलीच होती. पोलिसांनी गाडी बघेपर्यंत मोटारीचा आरसा बदललेला आणि अंगावरचा ओरखडा रंगवलेला होता. आणि ज्या दोघांनी "हिलो मत" म्हणत उचललं, ते आपापल्या कामाला निघून गेले, ते काही परत सापडले नाहीत.

मल्हाररावांची उलटतपासणी झाली तेव्हा वकीलसाहेबांनी चष्मा खाली घेतला.

"सायकलला घंटी आहे?"

"हाय."

"मग वाजवली का नाही?"

"मागून येणाऱ्यासाठी पुढच्यानं घंटी वाजवायची असती का साहेब?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी पेन वर केलं तसं ते थांबलं. वकीलसाहेब जराही चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे तो व्हिडिओ लावला. दुभाजकावर बसलेले मल्हारराव, शेजारी सायकल, समोर रडणारा अतुल, भंडारा, आणि "माझी काय तक्रार नाय." बासरीसकट.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. बासरी माझी नाय."

"अपघात ह्याच जागी झाला, म्हणूनच तुम्ही ह्या जागी आहात. बरोबर?"

"नाय. मला उचलून बसवलं तिथं."

"कुणी?"

"नावं नाय ठावं," मल्हारराव म्हणाले. ह्या उत्तरात तिरकं काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर सुकेशनीनं नुसती पुढची तारीख सांगितली, त्यावरूनच त्यांना सगळं कळलं. घरी संध्याकाळी एक भंगारवाला गल्लीतून ओरडत गेला तेव्हा दोघं बापलेक वेगवेगळ्या दिशेला बघत बसले.

पुढची तारीख होती कंपनीच्या साक्षीदाराची. मोटारीत बसलेल्या बाईची. केसरबाई, अतुलची आई. वैजापूरकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातल्या. मुलगा शहरात नोकरीला, जळगाव रोडला राहायचा. चंपाषष्ठीला त्या त्याच्याकडं आल्या होत्या, साताऱ्याचं दर्शन करून दुसऱ्या दिवशी तो त्यांना गावी सोडायला निघाला होता, आणि वाटेत हे घडलं. आता आई मुलाच्या बाजूनं बोलणार, हे सांगायला वकील कशाला लागतो?

कोर्टाच्या व्हरांड्यात मल्हारराव एका बाकड्यावर तोंड पाडून बसले होते. एवढी बाकडी रिकामी असताना केसरबाई त्यांच्याच शेजारी येऊन बसल्या. अंगावर जांभळं जरीकाठी लुगडं, पण डाव्या अंगाला खांद्यापासून मांडीपर्यंत पिवळा डाग. एवढी पैसेवाली बाई डागाळलेलं लुगडं नेसून कोर्टात येते, ह्याचं मल्हाररावांना नवल वाटलं.

"खांदा कसा हाय, दादा?" केसरबाईंनी विचारलं.

"हाय जाग्यावर."

"एक इचारू? ही भरपाई माझ्या पोराच्या पगारातून कापत्यात का?"

"नाय आक्का. विम्याची कंपनी देती. त्याच्या खिशाला धक्का नाय. त्यो घाबरून बसलाय उगं."

"खरं सांगता?"

"खंडोबाची आण."

केसरबाईंनी मांडीवरच्या डागावरून हात फिरवला. मग एकदम खुलून म्हणाल्या, "तुम्ही देवाचे माणूस, म्हून सांगते. त्या दिशी मला साक्षात्कार झाला."

मल्हाररावांनी कान टवकारले.

"लई वर्सं देवाला म्हणत व्हते, एकदा तरी माझ्या अंगावर भंडारा टाक. त्या दिशी गाडीत डाव्या अंगाला बसले व्हते. काच खाली. डोळं मिटून नाव घेत व्हते. अन् त्या काचंतून, दादा, ओंजळभर भंडारा आला तो थेट माझ्या वटीत! तेच हे लुगडं. एका पाण्यात घातलं नाय अजून."

मल्हारराव त्या डागाकडं बघतच राहिले. पिशवी! आरशाला अडकून फाटलेली, गळ्यापर्यंत भरलेली पिशवी! देव कुठला, हर्सूलचा दूधवाला तो. त्यांच्या पोटात हसू उकळायला लागलं आणि बरगड्या दुखायला लागल्या. पण एका क्षणात ते गंभीर झाले, हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, लई मोठं भाग्य. असं भाग्य लपवू नये. कुणी इचारलं तर सांगत जावं."

"इचारलं तर सांगीन की," केसरबाई म्हणाल्या.

मल्हारराव लघवीच्या निमित्तानं उठले आणि धोतर सावरत सुकेशनीकडं पळाले. तिच्या कानात त्यांना ते तीनदा सांगावं लागलं, कारण मध्येमध्ये ते हसत होते.

साक्ष सुरू झाली. कंपनीच्या वकीलसाहेबांनी अदबीनं विचारलं, "मावशी, मुलगा गाडी कशी चालवतो?"

"लई झ्याक."

"त्या दिवशी सायकल कुठून आली?"

"डोळं मिटलेलं व्हतं, साहेब. देवाचं नाव घेत व्हते."

"पण अचानकच आली ना?"

"आली असंल."

एवढ्यावर ते बसले. जास्त काही मिळालं नाही, पण बिघडलंही नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सुकेशनी उठली.

"आजी, डोळे कधी उघडले?"

"भंडारा पडला तवा."

आणि केसरबाईंनी सगळा साक्षात्कार सांगितला. रंगवून, हातवारे करून, देवाच्या घोड्याच्या टापांसकट. कोर्टातला शिपाईसुद्धा दाराशी येऊन उभा राहिला. सुकेशनीनं एवढंच विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता?"

"डाव्या."

"काच कुठली खाली होती?"

"माझीच की, डावी. त्याच्या अंगाची बंद व्हती, त्याला गार वारा सोसत नाय."

वकीलसाहेबांच्या कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला. ही बाई आपल्या साक्षीत देव घुसवते आहे, एवढं त्यांना दिसलं आणि ते तावातावानं उभे राहिले. "मावशी, देवबीव काही नाही! व्हिडिओ बघा, ह्या माणसाच्या सदऱ्यावर तोच भंडारा आहे. ह्याच्या सायकलच्या हँडलला पिशवी होती, तुटका बंद दिसतोय, ती फुटली आणि तुमच्या अंगावर उडाली. हेच खरं की नाही?"

"माझ्या विद्वान वकीलमित्रांनी आत्ता जे सांगितलं," सुकेशनी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "ते नोंदवून घ्यावं, साहेब. हँडलला लावलेली पिशवी डाव्या काचेपाशी फुटली. सायकल उजवीकडून आली असती, तर भंडारा अतुलच्या बंद काचेवर आदळला असता."

वकीलसाहेब उभेच राहिले. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं. न्यायाधीशांनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं, आणि लिहिताना त्यांचे खांदे हलत होते.

केसरबाई मात्र रागावल्या. "पिशवी कुणाच्या का सायकलला असंना," त्या कडाडल्या. "माझ्या वटीत टाकायला देवच लागतो. तुमच्या का पडला नाय?"

निकाल लागायला वेळ लागला, पण लागला तो स्पष्ट. चूक मोटारचालकाची, सायकलस्वार आपल्या बाजूनं, आपल्या हक्काच्या रस्त्यानं जात होता, त्याचा कसलाही निष्काळजीपणा नाही. भरपाई विमा कंपनीनं द्यावी. सुकेशनीनं तो भाग मोठ्यानं वाचून दाखवला. मल्हाररावांनी तो रामला पुन्हा वाचायला लावला, मग राजाबाईंना ऐकायला बोलावून तिसऱ्यांदा. रामनं हात जोडले. स्वतःच सायकल टेम्पोत घालून नेली, नवं चाक, नवं हँडल घालून आणली, आणि मागं लाल चमकणारी पट्टी लावली. "ही पैजेत नव्हती," मल्हारराव म्हणाले. "आता हाय," राम म्हणाला.

हात पूर्ण बरा झाला नाही. पण भरपाईतून उपचार चालू राहिले, बोटांत थोडा जोर आला, आणि मल्हारराव पुन्हा छावणीला जायला लागले. प्रत्येक गिऱ्हाइकाला दुधासोबत साक्षात्काराची गोष्ट मिळू लागली. आपण एका भाबड्या बाईला कसं गोड बोलून पिंजऱ्यात पाठवलं, हा भाग ते विशेष रंगवून सांगत. थोडं वाईटही वाटायचं त्यांना. बिचारीनं देवाच्या नादात आपल्याच पोराला पाडलं, असं ते शेवटी म्हणायचे.

निकालानंतरची चंपाषष्ठी आली. दुसऱ्या दिवशी ते छावणीहून परतले तर दारात ती पांढरी मोटार उभी. अतुल खाली उतरला, मल्हाररावांच्या पाया पडला आणि मान वर न करता म्हणाला, "काका, मी खोटं बोललो. भ्यालो होतो. मोबाइलवर बघत होतो तेव्हा."

"माफ केलंय की तुला, तेव्हाच. भंडारा वाया घालवलाय का मी?"

केसरबाई मागून आल्या. मुलाला म्हणाल्या, "जा, शेळ्या बघून ये." चाळीस हजारांचा मोबाइल वापरणारा तो मुलगा आज्ञाधारकपणे शेळ्या बघायला गेला. केसरबाई बाजेवर टेकल्या. इकडंतिकडं पाहिलं आणि पदराची गाठ सोडली.

गाठीत हिरव्या कापडाचा चुरगळलेला तुकडा होता. लाल काठाचा, एका बाजूनं टरकन फाटलेला, अर्धा बंद अजून लोंबत असलेला.

मल्हारराव बघतच राहिले. "ही तर माझी..."

"तुमचीच. भंडाऱ्यासंगं वटीत आली. तवाच कळलं मला, देव कुठल्या गाडीवर बसून आला ते."

"आक्का, म्हंजे तुम्हाला त्या दिशी बाकड्यावर..."

"समदं ठावं व्हतं." केसरबाईंनी कापडाच्या घड्या नीट केल्या. "दादा, आईच्या तोंडून पोराइरुद्ध साक्ष कशी निघंल? नाय निघत. रातरात झोप नव्हती मला. तुमचा खांदा डोळ्यापुढून हलंना. मग तुम्ही सांगितलं, पोराच्या खिशाला धक्का नाय. म्हटलं, चला, देवाचं नाव घेऊन जेवढं खरं बोलता येतंय तेवढं बोलावं. पोराला वाटू दे आई खुळी हाय. वकिलाला वाटू दे. तुम्हाला पण वाटलंच की."

डोळे भरून आले तसे मल्हारराव बरगडीला हात लावून हसायला लागले, आणि केसरबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आतून राजाबाई चहा घेऊन आल्या, त्यांना कळेना दोघांना काय झालं.

"सुई-दोरा आण गं," मल्हारराव म्हणाले.

राजाबाईंनी तिथंच बसून पिशवी शिवली. केसरबाईंनी आपल्या जांभळ्या लुगड्याच्या पदराला अजून चिकटलेला भंडारा तिच्यात झटकला, जेवढा निघाला तेवढा, आणि ती हँडलला स्वतःच्या हातानं बांधली. नीट, घट्ट, ह्या वेळी मोटारींपासून लांब, डाव्या बाजूला.